वर्ना होलुबचे तीन ठोकताळे

वर्ना होलुबने नेब्रास्कातल्या एका लहानशा गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, संघ परगावी न्यायचा तोही तिनेच. निवृत्त झाल्यावर दर बुधवारी सकाळी ती लिबीच्या कॅफेत जाऊ लागली. तिथे त्या आठवड्याच्या सामन्यांत कोण जिंकणार याच्या चिठ्ठ्या भरल्या जात. ज्याचे अंदाज जास्त बरोबर येत, त्याला लिबी जर्दाळू भरलेल्या कोलाचे नावाच्या गोड पावांचं ताट देई.

बियाणंविक्या मायलो मासिकं चाळून, खेळाडूंचे आकडे पाठ करून येई. वर्नाचे ठोकताळे तीनच होते. घरच्या मैदानावर खेळणाऱ्यांना तीन गुण जास्त धरायचे. ज्यांच्या हातून चेंडू कमी निसटतो त्यांच्या बाजूने जायचं. आणि लांबून आलेल्या संघावर भरवसा ठेवायचा नाही. त्या मोसमात आठपैकी सहा ताटं तिनेच नेली.

नोव्हेंबरात गावच्या शाळेचा संघ बाद फेरीत पोचला. सामना शुक्रवारी, पश्चिमेला चार तासांवर. वर्नाने चिठ्ठीवर समोरच्या संघाचं नाव लिहिलं.

ती वाचून मायलो म्हणाला, "अगं, आपल्याच पोरांवर विश्वास नाही तुझा?"

"पोरांवर आहे. पण चार तास बसमध्ये आखडून उतरलेली पोरं पहिली बारा मिनिटं झोपेतच खेळतात. बसच्या आरशात आणि मैदानावर आयुष्यभर तेच बघत आलेय मी."

हे प्रशिक्षक ट्रॅव्हिस सेडलाकच्या कानावर गेलं. तोही कधीकाळी तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. संध्याकाळी तो तिच्या दारात उभा राहिला. रागावून आला असेल असं तिला वाटलं, पण त्याने टोपी काढली आणि विचारलं, "मिसेस होलुब, मग करू काय?"

"एक दिवस आधी जा."

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तिथल्या चर्चने मुक्कामाला सभागृह दिलं. एवढ्या घाईत बसला चालक मिळेना, तेव्हा वर्नाच गाडीवर बसली. निघताना मायलोने तिला चिठ्ठी बदलायची मुभा देऊ केली. "एकदा दिली ती दिली," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

पोरं ताजीतवानी मैदानात उतरली आणि सुरुवातीलाच त्यांनी आघाडी घेतली. पुढे दमछाक झाली, दोनदा चेंडूही निसटला, पण सामना सतरा-चौदाने जिंकला. वर्ना बसच्या पायरीवर बसून मैदानाच्या ध्वनिक्षेपकावरचं समालोचन ऐकत होती. आपला अंदाज चुकला याचं तिला काही वाटलं नाही. गार वाऱ्यात तिने डोळे पुसले तेवढे.

ताट मायलोने नेलं. पुढच्या शुक्रवारी गाठ होती अजिंक्य संघाशी, तीही त्यांच्याच मैदानावर. बुधवारी वर्नाने पुन्हा समोरच्यांचं नाव लिहिलं. या वेळी कोणी कुरकुरलं नाही. गाव अठ्ठावीस गुणांनी हरलं, आणि परतीच्या वाटेवर वर्ना बस चालवत असताना पोरं तिच्या मागे गाढ झोपली होती.