झरीच्या वाटेवर डिझेलचा काटा

नाशिकहून डहाणूची एस.टी. सकाळी सुटली तेव्हा सुनंदाच्या मांडीवर दशम्यांचा डबा होता आणि माझे हात रिकामे होते. हत्यारांची पिशवी घरी ठेवायची, ही तिची अटच होती. माझं डिझेल पंप आणि इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. कुठेही गेलो तरी कुणाच्या तरी बॉनेटखाली मान घालतो, अशी तिची जुनी तक्रार. ती स्वतः आरोग्यसेविका म्हणून नुकतीच निवृत्त झाली होती. तिची पहिली नेमणूक तलासरी तालुक्यातल्या झरी गावची. ते गाव पुन्हा एकदा पाहायचं तिच्या मनात होतं, म्हणून दोन हजार अठराच्या जानेवारीत आम्ही निघालो.

मोखाडा, जव्हार करत बस घाटांतून वळत राहिली. भातकापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसते खुंट, मधूनच एखाद्या ओहोळाकाठी हिरवा वाल. कासा मागे पडलं तसे डोंगर बसके झाले आणि हवेला दमट वास येऊ लागला. डहाणूत उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. समुद्र खूप आत गेला होता. सुरूच्या झाडांखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या आणि वर टोपलीवालीकडचे चिकू. नाशिकला मिळतात तेही चिकूच, पण हे झाडावरून थेट पिकायला ठेवलेले. साल सोलायचीही गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तलासरी गाठलं. महामार्गाच्या कडेला मडक्यांतून वाफ निघत होती. पाटीवर गुजरातीत आणि मराठीत, दोन्हींत लिहिलेलं : उंबाडियू (पाल्यात गुंडाळून मडक्यात भाजलेले कंद आणि पापडीच्या शेंगा). हिरवी चटणी लावून ते खाताना सुनंदा म्हणाली, "तेव्हा इथे एवढी वर्दळ नव्हती. झरीला जायचं तर निम्मी वाट चालायची."

आता झरीला जीप जात होती. बाजाराचा दिवस असल्याने ती लवकर भरली. चालकाचं नाव देवजी, तिशीपस्तिशीचा, झरीजवळच्याच पाड्यावरचा (वस्तीवरचा). आम्हाला त्याने पुढे बसवलं. मागे मिरच्या, सुकट, बिस्किटांचं खोकं आणि त्यांच्यामध्ये कशीबशी मावलेली माणसं.

गाव सुटल्यावर थोड्याच वेळात मला डिझेलचा वास आला. इंजिनाचा आवाजही तुटक येऊ लागला. मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही हं." पण चढावर जीपला दम लागला आणि देवजीनेच ती बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला. काहीतरी गळतंय हे त्यालाही कळलं होतं.

माझ्या बाजूचं दार आतून उघडेना. खिडकीतून हात बाहेर घालून मी ते उघडलं आणि पुढे धावलो, तोवर देवजी बॉनेटमध्ये वाकून रेलच्या नळीवरून (दाबाखालचं डिझेल इंजेक्टरकडे नेणारी बारीक नळी) बोट फिरवत होता.

"हात काढ!" मी ओरडलो.

त्याने हात झटकला. "काटा टोचल्यासारखा झाला," तो हसत म्हणाला.

इंजिन बंद करून मी त्याचं बोट पाहिलं. डाव्या तर्जनीच्या पेरावर सुईच्या टोकाएवढा ठिपका. रक्त नाही, सूज नाही.

चालू इंजिनात त्या नळीतला दाब असा असतो की टायरमधली हवा त्यापुढे फुंकर वाटावी. फट केसाएवढी असली तर डिझेलची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण कातडी भेदून आत शिरते आणि आतल्या आत पसरते. आमच्या शेजारच्या गॅरेजमधल्या सलीमला असंच झालं होतं. हळद लावून तो घरी गेला. पुढे त्याची दोन बोटं कापावी लागली.

हे सगळं मी देवजीला सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष मागच्या माणसांकडे होतं.

"काका, कायच दुखत नाय. माणसं घरी पोचवतो, संध्याकाळी दाखवतो डॉक्टरला."

"संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, देवजी."

"बाजार करून आलीत ही. अर्ध्यात कशी सोडू?"

मी आवाज चढवणार होतो, पण सुनंदा मध्ये आली. तिने त्याला रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं, बोटातली अंगठी काढून त्याच्या खिशात घातली आणि हात छातीच्या वर धरायला लावला. मग विचारलं, "या बोटाला आणि त्या बोटाला सारखंच लागतंय का बघ." तिने दोन्ही तर्जन्या हळूच दाबल्या.

देवजीने दोन्ही बोटं वाकवून पाहिली. मग म्हणाला, "हा बधिर वाटतो."

मागच्या सीटवरची एक म्हातारी खाली उतरली. तिने मिरच्यांचं गाठोडं डोक्यावर चढवलं. "जा रे पोरा," ती म्हणाली, "आमचे पाय आहेत अजून." तिच्या मागोमाग बाकीचेही उतरले. कुणी कुरकुर केली नाही. एकाने थर्मासमधला चहा देवजीपुढे धरला, पण सुनंदाने तो परत केला. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.

त्या रस्त्यावर दुसरं वाहन दिसत नव्हतं. जायचं तर याच जीपने. नळीतला दाब उतरेपर्यंत मी थांबलो. त्या थोड्या मिनिटांत मी तीनदा घड्याळ पाहिलं. मग देवजीच्या सीटखालचे पाने घेतले. नळीच्या रेलकडच्या (डिझेल दाबाखाली साठवणाऱ्या जाड नळीकडच्या) टोकाचा नट ढिला झाला होता. नळीला धरून ठेवणारी क्लिप कधीतरी पडून गेली होती, म्हणून ती हादरत राहिली आणि नट सैल होत गेला. नळीला चीर नव्हती, हे नशीब. जागा पुसून नट आवळला, बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि सुनंदाला किल्ली फिरवायला सांगितलं. नळीपुढे धरलेला पुठ्ठा कोरडा राहिला.

जीप मी चालवली. तलासरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोट पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि वापीच्या एका सर्जनना फोन केला. हद्द ओलांडून गुजरातेत शिरलो तोवर बोट फुगून फिकट पडलं होतं आणि देवजीचं हसू गेलं होतं. तो मला रस्ता सांगत राहिला, डावीकडे, उजवीकडे. मध्येच म्हणाला, "काका, चौथा गियर जरा वर उचलून टाका. तो असाच आहे."

सर्जननी एकच प्रश्न विचारला, "केटलो टाइम थयो?" (किती वेळ झाला?) उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली आणि त्याला आत नेलं. बोट आणि तळव्याचा भाग उघडून आतलं डिझेल धुऊन काढलं.

दिवस मावळता, निरोप मिळून देवजीची बायको जमना आली. फडक्यात नागलीच्या (नाचणीच्या) भाकऱ्या होत्या. बराच वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. सर्जन बाहेर आले तेव्हा तिने विचारलं, "हात राहील ना?"

"रहेशे, बेन. बोट पण राहील. थोडं कडक होईल."

"गाडी चालवता येल?"

"चलावशे."

ती खाली बसली. भाकरीचं फडकं सोडून तिने आधी आम्हाला दिलं. सोबत लसणाची ओली चटणी होती. आम्ही तिघांनी तिथेच बाकावर बसून खाल्लं.

पुढचे दोन दिवस आम्ही तलासरीतच राहिलो. वापीच्या बाजारातून मी नवी नळी आणि क्लिपा आणल्या. जुनी नळी पुन्हा आवळून चालवणं मला बरं वाटेना. जीप उभी होती तिथेच, वापीच्या दवाखान्याच्या आवारात, ती ठीक केली. सुनंदा शेजारी पत्र्याच्या खुर्चीवर बसून पाने देत होती.

शेवटी देवजीचा भाऊ आम्हाला झरीला घेऊन गेला. सुनंदाची जुनी खोली पडून तिथे शेवग्याचं झाड आलं होतं. तिला ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. पण जीपमधली म्हातारी भेटली. तिने घरात नेऊन ताकात कालवलेली आंबील दिली आणि विचारलं, "पोराचा बोट कसा आहे?" सुनंदाने सगळं सांगितलं. म्हातारीने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पुढे. आम्ही निघालो तोवर अख्ख्या पाड्याला माहीत झालं होतं.

परतीच्या बसमध्ये जव्हारपर्यंत सुनंदा झोपली. मी खिडकीतून समोरून येणाऱ्या जीपा पाहत होतो. आयुष्यभर अशाच गाड्यांचे पंप आणि नोझल माझ्या टेबलावर आले; धुतले, तपासले, दाब बघून परत दिले. गाडी मात्र तिकडे कुठेतरी उभी असायची आणि तिची माणसं रस्त्याला लागलेली असायची. तिच्यात बसून कोण कुठे जातं, याचा विचार मी केला नव्हता. करायची गरजच पडली नव्हती.

वर्कशॉप उघडलं त्या सकाळी सुरगाण्याकडचा एक जीपवाला चार इंजेक्टर घेऊन आला. मी ते टेबलावर मांडले आणि त्याला विचारलं, "गाडी कुठल्या रस्त्याला असते? कोण कोण बसतं?"

तो गोंधळला. मग स्टूल ओढून बसला आणि सांगू लागला.