चाकातलं गोडं पाणी

गुरुशांत पौषात गेले. त्यानंतर त्यांच्या बायकोला, भुवनेश्वरीला, भेटायला येणारी माणसं तिच्या डोळ्यांकडे बघत, आणि ते कोरडे दिसले की आपलेच पुसत निघून जात. तिला काहीच वाटत नव्हतं. ती उठायची, भाकरी करायची, शेळ्यांना पाला टाकायची. सांगोल्याकडच्या त्या गावात चैत्रात टँकर सुरू झाला, तेव्हा तीही घागरी घेऊन रांगेत उभी राहू लागली.

वैशाखात नांगरटीची वेळ आली. गुरुशांतांचा ट्रॅक्टर फार जुना. मुलगा पुण्यात कंपनीत, पण सून दिपाली माहेरी ट्रॅक्टर शिकलेली. तिने नांगर जोडला, तर मागची चाकं जागीच फिरत राहिली. चाकांमध्ये पाणी भरलेलं असे, त्याच्या वजनावर नांगर मातीत शिरे. उजव्या चाकातलं पाणी गळून गेलं होतं.

दीर गुरुबसप्पा बांधावरून बघत होते. "वैनी, माजा ट्रॅक्टर घालतो की. पेरतो बी मीच. तुमी कशाला उन्हात?"

बोलणं मायेचं होतं. पण एकदा त्यांनी पेरलं की रान पुन्हा आपल्या हाती येणार नाही, हे तिला कळत होतं. कळत होतं, एवढंच.

तिने टायरवाल्या मल्लप्पाला बोलावलं. त्याने चाक उतरवून ट्यूब काढली. रिमला पेचकस टेकवताच गंजाचा पापुद्रा सुटून खाली पडला.

"मिठाचं पाणी हाय, अक्का. मालक मीठ घालायचे. पाणी जड व्हतं, पन लोखंड खातं. पत्रा डागून, ट्यूब जोडून देतो आत्ता. पन अजून एकदा मीठ पडलं की रिम गेली, आन् असली रिम आता कुटं मिळत न्हाय."

"दादानं जल्मभर मीठच घातलं," गुरुबसप्पा म्हणाले. "तवा न्हाय खाल्लं?"

"खातच व्हतं की. तुमाला आज दिसलं."

"मग साखर कारखान्याची मळी भर. ती तर लई जड."

"भरतो. उन्हात आंबली की ट्यूब फुगून फुटंल. न्हायच फुटली, तर मुंग्या ट्रॅक्टर वडून न्हेतील."

दिपाली हसली आणि सासूकडे बघून तिने हसू आवरलं.

"साधं पाणी भर," भुवनेश्वरी म्हणाली.

"बोअरचं नको मग. ते बी खारट. गोडं पायजे, दोन बॅरल तरी."

गोडं पाणी म्हणजे टँकरचं. सकाळीच भरलेली दोन बॅरल पडवीत होती, आणि पुढचा टँकर कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं.

"प्यायचं पाणी चाकात?" गुरुबसप्पांचा आवाज चढला. "लोक त्वांडात श्यान घालतील. आन् दादाची रीत मोडायची व्हय?"

भुवनेश्वरी त्या पापुद्र्याकडे बघत राहिली. आता तरी रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"त्यांनी केलं ते केलं. आता रान मला करायचं हाय," ती म्हणाली. "दिपाली, एक घागर भरून ठेव. बाकीचं दे त्याला."

मल्लप्पाने डाव्या चाकातलंही जुनं पाणी सोडून दिलं. ते अंगणात पसरलं आणि वाळल्यावर तिथे पांढरी कड उमटली. मग नळी लावून त्याने दोन्ही चाकं भरली.

ऊन उतरल्यावर दिपालीने ट्रॅक्टर रानात घातला. चाकं एकदा घसरली, मग धरली. काळी ढेकळं उलटू लागली. गुरुबसप्पा नांगराची दोन तासं होईपर्यंत बांधावर थांबले, आणि घराकडे वळले.

घागरीतलं पाणी प्यायला ठेवलं होतं, म्हणून दिपालीने डाळ बोअरच्या खारट पाण्यात लावली. चूल जळून विझत आली तरी डाळीचा दाणा तसाच.

"आत्याबाई, शिजतच न्हाय."

"असू दे. वाढ."

दोघी जेवायला बसल्या. डाळ दाताखाली कचकचत होती. भुवनेश्वरीने भाकरी मोडली, सावकाश चावून खाल्ली, आणि आणखी थोडी डाळ वाढून घेतली.

"उद्या खालचं रान घे," ती म्हणाली.