काट्यावरचा कर्नल

चालू झालेल्या यंत्राचे किस्से कुणी सांगत नाही. यंत्र चालू होत नसलं की माणसं त्याच्याभोवती बसून राहतात, चहा येतो, कुणीतरी बोलायला लागतं आणि किस्से साठत जातात. आमचं यंत्र सात महिने चालू होत नव्हतं. तेव्हा माझ्याकडे साठा किती असेल, याचा अंदाज तुम्हीच करा!

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट, बारामतीची. देवकाते सर पॉलिटेक्निकला शिकवायचे. त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर कॉम्प्युटरचं दुकान काढलं. सतीश हार्डवेअर बघायचा आणि मी, संगीता, प्रोग्रॅम लिहायचे. इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यानं आम्हाला काम दिलं होतं. उसाच्या गाड्यांचं वजन करणाऱ्या काट्याला कॉम्प्युटर जोडायचा. अट एकच, लाइट जाऊन परत आली की कुणी बटण न दाबता यंत्र आपलं आपण उठलं पाहिजे.

सरांनी ठरवलं, बाजारातलं काही वापरायचं नाही. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची, एका फ्लॉपीत मावेल एवढी. ती हंगामभर चालली तर सर नोकरीचा राजीनामा देणार. नाही चालली तर दुकानाचं शटर खाली, सर परत पॉलिटेक्निकात, सतीश आणि मी आपापल्या घरी. माझ्या घरी स्थळं बघायला सुरुवात झालीच होती, त्यामुळं मला ती सिस्टिम चालायलाच हवी होती.

कर्नल म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा. यंत्र सुरू झालं की त्यानं आधी मेमरी किती आहे ते मोजायचं आणि मग ती लागेल तशी वाटायची. आमचा कर्नल नेमका तिथंच मरायचा. तोवर स्क्रीन चालू झालेला नसायचा, त्यामुळं कशानं मेला हे सांगायचीही सोय नव्हती.

* * *

सतीशनं तोड काढली. एकेक टप्पा पार पडला की आतला छोटा स्पीकर वाजवायचा. पाच बीप वाजले की कर्नल उभा राहिला म्हणून समजायचं.

पण खाली गिरणी सुरू असली की काही ऐकू यायचं नाही. मग सतीश जिन्यातून हाक मारायचा, गिरणीवाल्या शकुंतलामावशी पट्टा सोडवायच्या आणि दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकाही कान देऊन थांबायच्या. एक, दोन, तीन... पुढं शांतता. मावशी पट्टा परत चढवायच्या.

महिनाभर तिनाच्या पुढं काम गेलं नाही. एकदा सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मंडईत एका अनोळखी बाईनं थांबवलं आणि फार मायेनं विचारलं, "तुमच्या मालकांचं अजून तीनवरच अडलंय का वो?"

वहिनींनी घरी येऊन दोन दिवस सरांशी अबोला धरला.

* * *

चौथा बीप वाजला तो बसस्टँडमुळं.

वहिनींच्या बहिणीचं इंदापूरला ओटीभरण होतं. सर आणि वहिनी गाडीला गेले. गाडी फलाटावर उभी, गर्दी भरपूर. सगळ्यांनी खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकून जागा धरल्या. सरांनीही टाकला रुमाल. तेवढ्यात कंडक्टरनं सांगितलं की ही गाडी जाणार नाही, शेजारच्या गाडीत बसा. सगळा लोंढा तिकडं पळाला.

नव्या गाडीत बावड्याचा एक माणूस फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. "उठा आबा, हितं माझा रुमाल हुता."

"कुठाय रुमाल?"

"त्या गाडीत."

"मग तितंच जाऊन बस की!"

गाडी हसली. सर मात्र दांड्याला धरून तसेच उभे राहिले. आमचा कर्नल फ्लॉपीवरून आधी मेमरीत खालच्या बाजूला यायचा आणि मग स्वतःला उचलून वर नेऊन ठेवायचा. 'ही जागा माझी, कुणाला देऊ नका' अशी नोंद मात्र तो हलायच्या आधीच करून ठेवत होता. म्हणजे रुमाल जुन्या गाडीत! नव्या गाडीतली त्याची बसायची जागा तो स्वतःच दुसऱ्याला देऊन टाकायचा आणि पुसला जायचा.

सरांनी वळणावर गाडी थांबवायला लावली, उतरले आणि दुकानाकडं पळत सुटले. संध्याकाळी चौथा बीप वाजला, तेव्हा खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनी ओटीचं ताट सांभाळत एकट्याच इंदापूरला पोचल्या. दारातच बहिणीनं विचारलं, दाजी कुठं आहेत. वहिनी म्हणाल्या, "रुमाल आणायला गेलेत."

* * *

चौथ्यानंतर स्क्रीन उजळायचा, पण त्यावर रंगीबेरंगी अक्षरांचा नुसता चिवडा सांडलेला असायचा आणि पाचवा बीप काही यायचा नाही.

सरांचे वडील तात्या त्या आठवड्यात डोळे दाखवायला बारामतीत आले होते. अर्धं आयुष्य मेंढरांमागं आणि अर्धं शेतात गेलेला माणूस. दुकानात बसून कंटाळले आणि विचारायला लागले, हे वाटप वाटप म्हणताय ते कशाचं. सरांनी सांगितलं की चार एकर रान आहे असं समजा, आणि यंत्र त्याचे तुकडे वाटतं.

"चारी एकर वहितीखाली हाय का?" तात्यांनी विचारलं.

सर म्हणाले, तसं म्हटलं तर मधल्या एका पट्ट्यात स्क्रीन आणि बाकीचं हार्डवेअर बसलेलं असतं.

"मग पिकत न्हाई तो पोटखराबा वजा कुठं केला तुमी? सातबाऱ्यावर बी येगळा दावत्यात. तुमी वढ्यात पेरणी करताय."

मी कीबोर्ड पुढं ओढला. वाटपासाठी दिलेली मेमरी थेट स्क्रीनच्या पट्ट्यात जात होती, म्हणून तो चिवडा. मी तो पट्टा वगळला आणि कोडमध्ये त्याला नावही पोटखराबा असंच दिलं. त्या दिवशी पाचही बीप वाजले. आयुष्यात इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

पुढं पुण्याहून एक साहेब आमचा कोड बघायला आले. फार हुशार माणूस. तासभर वाचून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "हे पोटखराबा कुठल्या प्रोसेसरचं फीचर आहे?"

सतीश म्हणाला, "महसूल खात्याच्या."

* * *

हंगामाच्या आदल्या दिवशी यंत्र कारखान्यावर नेलं. तिथं किसनराव होते, काट्याचे क्लार्क. जुना काटा बावीस वर्षं त्यांनीच सांभाळलेला. यंत्राकडं ते नव्या सुनेकडं बघावं तसे बघत होते. आम्ही तीनदा बंद-चालू करून दाखवलं, तिन्ही वेळा पाच बीप. मग जेवायला गेलो.

परत येऊन बटण दाबलं तर एकही बीप नाही!

सतीशनं मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या. मी वाटपाचा सगळा कोड कागदावर पहिल्यापासून वाचला. सरांनी तर तात्यांच्या पोटखराब्यावरही शंका घेतली. सकाळी मोळी पडणार, म्हणजे उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू होणार, आणि आमचं यंत्र मुकं.

शेवटी सरांनी फ्लॉपी बाहेर काढली. तिची पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीवर कुणीतरी नीट बोट टेकून हळदकुंकू वाहिलं होतं.

किसनराव शांतपणे म्हणाले, "वरल्या पत्र्याला लावून काय उपेग? जीव आतल्या चकतीत हाय न्हवं का?"

सात महिन्यांत आमचं यंत्र इतकं अचूक कुणालाच कळलं नव्हतं. आम्ही दुसरी फ्लॉपी घातली आणि कुंकू यंत्राच्या डब्यावर लावून घेतलं.

* * *

मोळीच्या दिवशी हार घातलेली पहिली बैलगाडी काट्यावर आली, पाच बीप वाजले आणि वजनाची चिठ्ठी बाहेर आली. चीफ इंजिनिअर म्हणाले, हंगामभर बघू. टिकलं तर उरलेल्या दोन काट्यांचं कामही तुमचंच.

मग आमची वाट बघणं सुरू झालं. बारामतीत लाइट गेली की अख्खी गल्ली बोर्डाला शिव्या द्यायची आणि सर एकटे खूश व्हायचे. लाइट आली की घड्याळ बघायचे, इंदापूरच्या दिशेला तोंड करायचे आणि म्हणायचे, "आत्ता उठलं असेल." डिसेंबर गेला, जानेवारी गेला. लाइट मनसोक्त जात होती आणि कारखान्यावरून तक्रार नव्हती.

हंगाम संपायला आठ दिवस राहिले, तेव्हा सर मला घेऊन कारखान्यावर गेले. राजीनामा खिशात होता, पण आकडा बघितल्याशिवाय पोस्टात टाकणार नाही म्हणाले. प्रत्येक वेळी सुरू होताना कर्नल फ्लॉपीवर एक आकडा वाढवायचा. माझ्या मते दोनशेच्या आसपास असायला हवा होता, सरांच्या मते तीनशे.

सरांनी की दाबली. स्क्रीनवर आकडा आला, एक.

सर खुर्चीत बसले. म्हणाले, मोजणीच चुकली, पहिल्यापासून बघावं लागेल.

"बराबर हाय की," किसनराव म्हणाले. "मोळीच्या दिशी चालू केलं, ते चालूच हाय."

"आणि लाइट गेल्यावर?"

"हितली?" किसनरावांनी सरांकडं काळजीनं बघितलं. "सर, कारखाना चालू असला की लाइट आमीच करतो. समद्या तालुक्याची जाईल, हितली कशी जाईल?"

तेवढ्यात चीफ इंजिनिअर आत आले. सरांचा हात धरून म्हणाले, एवढ्या महिन्यांत एकदाही बंद पडलं नाही, कमाल केलीत, दोन्ही काट्यांचं काम उद्यापासून धरा. सर त्यांना सांगायला लागले की अहो, पण मुख्य गोष्ट तर तपासलीच गेली नाही. साहेब हसत हसत निघून गेले.

सरांनी खिशातून राजीनामा काढून माझ्या हातात दिला आणि जाताना पोस्टात टाकायला सांगितला. मग ते उठले, यंत्राच्या मागं गेले आणि प्लगला हात घातला.

किसनरावांनी त्यांचं मनगट धरलं. "बरं चाललंय न्हवं, सर? मग त्याला का तरास देताय?"