मास्तरांच्या कोटातले टक्स

बँकेचे मॅनेजर ट्रायलला उभे होते आणि मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. कोट अजून कच्च्या टाक्यांवर होता, डाव्या खांद्यावर खडूची रेघ ओढून झाली होती, आणि नेमक्या त्याच घटकेला मास्तरांच्या पोटातून वाफ उठली. ती गळ्यापर्यंत चढली, कानांत शिरली, टकलावर पोचली आणि घामाच्या धारा होऊन खाली आली. बाहेर माणसं स्वेटर घालून हिंडत होती. मास्तरांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब सुटला तो थेट मॅनेजरांच्या खांद्यावर पडला आणि खडूची रेघ पुसून गेली.

"मास्तर, बरं वाटत नाहीये का?" मॅनेजर घाबरले.

"म्म्म," मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या असल्या की एवढंच बोलता येतं.

"छातीत वगैरे दुखतंय का?"

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. खरं तर छातीतच दुखत होतं, पण मॅनेजरांना वाटत होतं तसलं नव्हे. त्यांनी टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि विषय बदलला. "तुम्ही आधी ताठ उभे राहा साहेब. पोक काढता म्हणून कोट पुढून आ वासतो. दरवेळी सांगतो तुम्हाला."

मॅनेजर बिचारे ओशाळून ताठ झाले. हात मात्र त्यांनी नेहमीसारखेच छातीवर घडी घालून धरले होते.

पडद्यामागचं शिलाई मशीन थांबलं. "पंखा लावा," आतून बाईंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, आवाज आला. "पण एकवरच ठेवा हं. वीज जळते."

हा टोमणा होता, आणि मास्तरांनी तो निमूटपणे गिळला. काही वर्षांपूर्वी बाईंना याच वाफा यायच्या, तेव्हा त्या पंखा पाचवर करायच्या आणि मास्तर येताजाता तो एकवर आणून हेच वाक्य म्हणायचे. बाईंनी तेव्हा वाद घातला नाही. वाक्य तेवढं जपून ठेवलं.

दुकान एकच होतं. मधोमध एक जाड निळा पडदा. पुढच्या बाजूला मास्तर पुरुषांचे कोट-पँट शिवायचे, मागे बाई बायकांचे ब्लाउज आणि ड्रेस. दोन्हीकडे कपडे बदलणारी गिऱ्हाइकं असायची, त्यामुळे हाक मारल्याशिवाय कुणी पडदा ओलांडायचा नाही असा दुकानाचा कायदा होता. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यातला बराचसा संसार दोघांनी एकमेकांचे नुसते आवाज ऐकून केला होता. कात्री कशी पडली यावरून बाईंना मास्तरांचा राग कळायचा, आणि मशीन कुठल्या वेगाने चालतंय यावरून मास्तरांना आज घरी काय वाढून ठेवलंय याचा अंदाज यायचा.

मास्तरांना आपल्या कोटांचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. ब्लाउज म्हणजे काय, चार टक्स घाला नि हुक लावा, असं ते चारचौघांत म्हणायचे. टक्स म्हणजे कापडाची निमुळती चिमटी शिवून टाकायची, की सपाट कापडाला तिथे उभार येतो. "पुरुषाची छाती म्हणजे भिंत," मास्तर सांगायचे. "भिंतीला कसले आलेत टक्स?" पडद्यामागचं मशीन यावर जरा जोरात धावायचं.

अशा माणसाला गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, पुरुषी हार्मोन हेच या आजाराचं खाणं आहे, आपण त्याची रसदच तोडून टाकू. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. मास्तरांना ही युक्ती फारच आवडली. मग डॉक्टर पुढचं सांगायला लागले. अंगातून वाफा येतील, वजन वाढेल, थकवा येईल, विसरायला होईल, रडू येईल, छाती थोडी भरेल. "आणि नवरा-बायकोमधली इच्छा कमी होईल," असं ते म्हणाले तेव्हा मास्तर छताकडे बघायला लागले आणि बाई पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. रुमाल त्यांच्या हातातच होता.

डॉक्टर शब्दाला पक्के निघाले. सांगितलेलं सगळं आलं. मास्तरांनी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, आणि उजवी गेली कुठे म्हणून अख्खं दुकान पालथं घातलं. शेवटी बाईंनी पडद्याआडून विचारलं, "कापली होतीत का?" एकदा टीव्हीवर प्रेशर कुकरची जाहिरात लागली होती. सून सासूला कुकर देते एवढंच त्यात होतं, पण मास्तर हुंदके देऊन रडले. "इंजेक्शनमुळे होतंय," त्यांनी नाक पुसत खुलासा केला. बाई म्हणाल्या, "कळलं. पण मग चॅनेल कशाला बदलताय? बघा की."

या सगळ्यावर दोघांना हसता येत होतं. राहिलेल्या त्या एका गोष्टीवरही येत होतं. रात्रीची जवळीक गेली, तर बाई त्यांच्या पाठीला तेल चोळून द्यायला लागल्या आणि मास्तर आयुष्यात पहिल्यांदा झोपण्यापूर्वी गप्पा मारायला लागले. बाईंचं मत असं होतं की हा सौदा काही अगदीच वाईट नाही.

फक्त छातीबद्दल मास्तर बाईंशीही बोलले नाहीत. ती हळूहळू भरत गेली. गळ्यात अडकवलेली टेप नुसती घासली तरी कळ यायची. ते आंघोळीनंतर बनियन घालूनच बाहेर यायला लागले आणि पाठीला तेल लावतानाही पालथे व्हायचे ते वळायचे नाहीत. जन्मभर लोकांच्या छात्या मोजलेल्या माणसाला स्वतःच्या छातीची अशी लाज वाटेल, हे त्यांनाही खरं वाटत नव्हतं.

त्यात लेकीचं लग्न ठरलं. लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. तिने फोनवर एकच अट घातली. "बाबा, तुम्ही स्वतः शिवलेला कोट घालायचा. माझ्या ऑफिसातले सगळे येणार आहेत. मी सांगून ठेवलंय त्यांना."

मास्तरांनी पंधरा वर्षं जपलेलं काळंभोर उंची कापड बाहेर काढलं. आता शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. टेप वाचायला मान खाली घातली की मापच बदलतं. पण मास्तरांना त्याची गरजच नव्हती, कारण कोपऱ्यात त्यांचा पुतळा होता. तरुणपणी त्यांनी तो कापूस भरून स्वतःच्या अंगाबरहुकूम करून घेतला होता. बाई त्याला धाकटे भाऊजी म्हणायच्या. मास्तरांनी सगळा कोट भाऊजींच्या अंगावर शिवला. कोट असा बसला की भाऊजींनी तसंच उठून लग्नाला जावं.

मग एका दुपारी दार लोटून घेऊन त्यांनी तो स्वतःच्या अंगात घातला. खांदे बसले, बाह्या बसल्या. बटण लावलं आणि छातीवरच्या दोन्ही दुमडलेल्या पट्ट्या, ज्यांना लॅपल म्हणतात, त्या सशाच्या कानांसारख्या उभ्या राहिल्या. मास्तरांनी श्वास आत घेतला. कान आणखी ताठ झाले. आरशात त्यांना मॅनेजरांचा आ वासणारा कोट दिसला, आणि मॅनेजरांना तरी निदान पोक काढतात म्हणून दटावता येत होतं.

मास्तर स्टुलावर बसले आणि रडले. या वेळी इंजेक्शनवर त्यांनी ढकललं नाही. ज्या घरात आपला शब्द चालत होता त्या घरातून कुणीतरी आपल्याला सामानासकट बाहेर काढतंय, असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी हिशेब केला. पुढचं इंजेक्शन लग्नाच्या तीन आठवडे आधी होतं. ते घेतलं नाही तर छाती उतरेल. निदान वाढणार तरी नाही. लग्न झालं की बघू. हा हिशेब डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी तो विचारला नाही. त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, मी जरा बाहेरगावी चाललोय. या वेळचं इंजेक्शन राहू दे. मी नंतर करतो फोन."

पडद्यामागचं मशीन थांबलं.

मग पडदा सरकला. हाक न मारता सरकला, आणि बाई पुढे आल्या. त्यांच्या बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान तसंच होतं.

"कुठल्या गावाला चाललाय?"

"तू ऐकलंस?"

"मला तेवढंच तर काम आहे. कुठल्या गावाला, ते सांगा."

मास्तरांनी अंगातल्या कोटाकडे बोट दाखवलं. लॅपल अजून उभेच होते. "हा बसत नाही."

"म्हणून सुई चुकवणार?"

"लेकीने ऑफिसात सांगून ठेवलंय."

"आणि तिच्या बापाला काय झालं म्हणून मी काय सांगू ऑफिसवाल्यांना? कोट छान होता म्हणून?" बाईंचा आवाज चिरकला. "अहो, लग्नात नुसता कोट उभा करायचा असेल तर हे भाऊजी आहेतच की! मला कोटाच्या आत माणूस पाहिजे. लग्नात पाहिजे नि लग्नानंतरही पाहिजे."

एवढं बोलून त्या रडल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली. मास्तरांचे दोन्ही हात आपोआप छातीवर आले.

"हात खाली," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हा सूर ओळखला. पडद्याआडून त्यांनी तो शेकडो वेळा ऐकला होता. आईचं बोट धरून पहिल्यांदा माप द्यायला आलेल्या, खांदे पाडून उभ्या राहिलेल्या पोरींशी बाई असं बोलायच्या.

"हात खाली. ताठ उभं राहायचं. श्वास सोडा. लाजायचं नाही, छाती सगळ्यांनाच येते."

मास्तरांनी हात खाली सोडले. बाईंनी टेप फिरवली, छातीवर, छातीच्या खाली, खांद्यापासून मध्यापर्यंत. दुखतं तिथे त्यांनी टेप अलगद उचलून धरली, म्हणजे त्यांना सगळं आधीच माहीत होतं. बनियनच्या आड लपवलेलं ते बनियन धुणाऱ्या बायकोपासून लपत नसतं. मास्तर तसेच उभे राहिले आणि घळाघळा रडले, आणि रडता रडता त्यांना इतकं हलकं वाटलं की आपण ताठ उभे आहोत हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"टक्स लागतील," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या.

"कोटाच्या छातीला? लोक हसतील."

"लॅपलखाली घालीन. कुणाला दिसणार नाहीत. आणि आधी सिस्टरला फोन लावा. गाव रद्द झालं म्हणावं."

मास्तरांनी फोन लावला. इंजेक्शन ठरल्या दिवशी झालं.

लग्नात मास्तरांना दोनदा वाफ आली. दुसऱ्यांदा आली ती नेमकी रजिस्टरवर सही करताना, आणि लेकीच्या सासऱ्यांना वाटलं की व्याही भारीच भावनाप्रधान आहेत. कोट मात्र अंगाला लागून बसला होता. लेकीच्या ऑफिसातल्यांनी कोट किती सुरेख बसलाय म्हणून कौतुक केलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "लेडीज टेलरने कापलाय." सगळे खोखो हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कोटाचा एक धागा उगीचच झटकला.

पुढच्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी बँकेचे मॅनेजर नव्या कोटाचं माप द्यायला आले. मास्तर नुकतेच पंखा पाचवर करून उभे होते. मॅनेजर आरशासमोर गेले, आपणहून ताठ झाले, आणि हातांची छातीवर घडी घातली.

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं या माणसाला आपण पोक काढता म्हणून दटावलं. पोक तो काढत होता, पण का काढत होता हे आपण विचारलं नाही.

"साहेब, हात खाली," ते म्हणाले. "श्वास सोडा. लाजायचं नाही. सगळ्यांनाच येते."

पडद्यामागचं मशीन थांबलं. मॅनेजरांचे हात हळूहळू खाली आले.

"अगं ऐकलंस का," मास्तरांनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "येऊ का आत? टक्स कुठून धरायचे ते जरा दाखव मला."