जिभेवरचं तिकीट

आमच्या सोनईच्या पोस्टात खिडकीशी बसणारे ख्रिस्ती कारकून तिकीट जिभेवर ओलं करूनच पाकिटावर चिकटवायचे. मला किळस यायची. मी तिकीट मागून घेई आणि घरी जाऊन डिंकाने लावी. ते हसायचे. "गुरुजी, लई सोवळं हाय तुमचं!"

मग त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. मुंबईला जाऊन विजेचे शेक घेऊन ते परत आले ते निम्मे होऊन. शेकांनी तोंडातली थुंकीच आटवली होती. टेबलावर ओल्या स्पंजची वाटी आली, शेजारी पाण्याचा तांब्या. दोन वाक्यं बोलली की एक घोट, आणि घोटाआधी डोळे मिटून, "बापा, तुझे उपकार." तोवर रांग थांबायची.

दुष्काळाचं साल होतं. एकदा मी वैतागून म्हणालो, "विहिरी कोरड्या पडल्यात. उपकार कसले मानता?"

"तांब्यात हाय तेवढ्याचे, गुरुजी. बाकीचं त्यो देनार हाय," असं म्हणाले, जणू तसं पत्रच आलंय.

नाताळच्या आठवड्यात त्यांनी स्पंजची वाटी बाजूला सारली. मी मागितलेलं तिकीट मला न देता जिभेला लावलं, माझ्या पाकिटावर अंगठ्याने दाबलं आणि पाकीट उलटं धरून सगळ्या रांगेला दाखवलं. तिकीट पडलं नाही.

"बगा! वल आली!"

माझ्या पिशवीत आणखी एक पाकीट होतं, घरी नेऊन डिंकाने तिकीट लावायचं. ते मी खिडकीतून आत सरकवलं.

"याला पण लावा," मी म्हणालो.