दादाला म्हणायचा शब्द

ज्या सकाळी मी दवनीवाडा सोडला, त्या सकाळी दादा मला पोचवायला गोंदियाच्या स्टेशनवर आला नाही. तो धानाच्या बांधीत, खाचरातल्या चिखलात होता. रोवणा सुरू होऊन तीनच दिवस झाले होते, आणि सारी रोपे लावून झाल्याखेरीज निघणार नाही, असा शब्द मी त्याला दिला होता. पण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडमधल्या एका ग्रंथालयात नोकरी मिळालेली. रुजू होण्याची तारीख पुढे ढकला, असे लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. दादा आदल्या दिवशी एवढेच म्हणाला होता, "आताच कायले जाऊन राहिला? तिथली पुस्तकं का वाळून चालली?"

इंग्रजी मी जन्मभर वाचली. बोलायला मात्र तिथे गेल्यावरच लागलो. पहिला शब्द अंगवळणी पडला तो 'सॉरी'. दारात वाट हवी असली की सॉरी, नीट ऐकू आले नाही की सॉरी. आपण एखाद्याच्या पायावर पाय दिला, तरी तोच आधी सॉरी म्हणतो. वहिनीचे वडील वारल्याचे मी सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईही सॉरीच म्हणाल्या. यात त्यांचा काय अपराध, असे मला क्षणभर वाटले. त्या शब्दातली माया पुढे सावकाश कळली. माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला तो फार सोयीचा. त्याच्या आडोशाने मी तीन वर्षे काढली.

दादाला मात्र तो शब्द मला म्हणता येईना. माझा फोन गेला की तो "मायसंग बोल" म्हणून मोकळा होई.

आमच्या घरी चूक कबूल करायला शब्द नव्हताच. रोवण्याच्या दिवसांत माय आणि काकू भांडल्या, की जिची चूक असेल ती दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दुसरीच्या बांधीत उतरे आणि रोपांच्या जुड्या तिच्या हातात देत राही. माय म्हणायची, "तोंडानं काय होते? हात लाव." हे सारे ठाऊक असूनही, तीन वर्षांनी ऐन रोवण्यात सुटी मिळाली, तेव्हा मी विमानात एक वाक्य घोकत बसलो. बांधावर बुटांसकट उभा राहून ते म्हणालोही.

"सॉरी, दादा. मी तेव्हा जायला नको होतं."

दादा वाकलेलाच होता. "रेल्वेत तुहा पाय लागला का मले? कायले साहेबासारखा बोलून राहिला?"

रोवणाऱ्या बाया हसल्या. दादा हसला नाही.

मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. एक जुडी उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने हात पुढे केला नाही. मी तशीच धरून राहिलो. तिच्यातले पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. अखेर त्याने मान वर केली.

"शेंडे काऊन देऊन राहिला हातात? मुळाकडून दे."

त्या दिवशी आम्ही दोघे बरोबरच घरी आलो. मायने चिखलाचे चार पाय पाहिले आणि दोन ताटे वाढली.

आता मी पुन्हा इंग्लंडमध्ये आहे. दिवसातून वीसदा सॉरी म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. सुटीचा अर्ज मात्र या वर्षीही रोवण्याचाच दिला आहे. नुसत्या सॉरीने गावी काम भागत नाही, म्हणूनच ते माझे घर आहे.