पांढरा ऑर्का आणि आईवरचा आळ

जन्मापासून माझ्या कपाळावरची एक बट पांढरी आहे. पार्लरवाल्या बायकांना ती हौसेनं करून घेतलेली वाटते आणि कुठं केली म्हणून विचारतात. आमच्या घरात मात्र तिचं कारण केव्हाच ठरून गेलं होतं. मी पोटात असताना आईनं ग्रहणात भरताचं वांगं चिरलं, म्हणून. वांगंही आपलं खानदेशी, फिकट हिरवं, पांढरट. जांभळं असतं तर माझं काय झालं असतं, हे विचारायची सोय नव्हती.

हा निकाल फुईचा. फुई म्हणजे इकडं गुजरातीत आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. बमरोलीत आमच्या मागच्याच गल्लीत राहते, आणि तिच्या निकालावर अपील नसतं. लग्न असो की बारसं, चार बायका जमल्या की ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, “पोर गुणी शे, पन मायनी वांगं कापं!” आई उठून मोरीत जायची आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. वडील कापडाच्या डाइंग मिलमध्ये रंग मिसळतात. तिथं शेठलाही सुनावतात म्हणे. बहिणीपुढं मात्र त्यांची दातखीळ बसते. घरात भरताचं वांगं आलं की सुरी तेवढी तेच लावतात, आई लावत नाही. माझं हे सगळं बघून टाळकं सरकायचं.

मागच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. सासर भेस्तानला, म्हणजे रिक्षानं जाऊन चहा पिऊन परत येता येतं. पण पाठवणी अशी झाली की मी जणू परदेशात निघाले. दिवसभर पडून राहायचं आणि फोन बघायचा. त्यातच एकदा पांढऱ्या ऑर्काचा व्हिडिओ पुढं आला. ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्या कुळातला मोठा समुद्री प्राणी, एरवी काळा आणि पांढरा. हा मात्र दुधात बुडवून काढल्यासारखा. मी ताडकन उठून बसले. मला साक्षीदार मिळाला होता.

संध्याकाळी फुई आली तेव्हा मी तो व्हिडिओ तिच्या नाकासमोर धरला. “बघ. हा पांढरा कशानं झाला?”

वडिलांनी आधी तोंड घातलं. “सेकंडचा माल आहे. रंग धरला नाही.”

फुईनं चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि म्हणाली, “यानी मायनी ग्रहणमा काय कापं व्हई?”

“फुई, समुद्रात सुरी कुठली?”

“सुरी नही ते नही, दात शेतस ना? मासा चावी टाका व्हई.”

तरी मी हट्टानं वाचलेलं सगळं सांगितलं. काही जिवांच्या अंगात रंग तयारच होत नाही, त्यांचे डोळेही लालसर दिसतात. काहींच्या अंगात रंग असतो, पण कातडीवर सगळीकडे पोचत नाही. एक आजारही आहे, त्यानं रंग फिका पडतो आणि रोगाशी झुंजायची ताकद जाते. तसली पिल्लं फार जगत नाहीत. पण काही पांढरे ऑर्का चांगले मोठे झालेले दिसलेत, म्हणजे सगळेच आजारी नसावेत. लहान कळपात आपसातच जोड्या जुळल्या तरी अशी पिल्लं जास्त होत असतील म्हणे. तपासल्याशिवाय अमक्याचं कारण अमुकच, हे शास्त्रज्ञही छातीठोक सांगत नाहीत.

“म्हणजे त्यास्लेबी माहीत नही,” फुई म्हणाली. “माले माहीत शे.”

दाराशी भाजी निवडत बसलेली आई सगळं ऐकत होती. ती उठून मोरीत गेली.

माझ्या भाषणाचा परिणाम एवढाच झाला की पुढच्या ग्रहणाला फुईनं दातही गुन्ह्याच्या यादीत घातले. चंद्रग्रहण संध्याकाळचं, पण वेध लागल्यापासून ती पहाऱ्याला हजर. घरातल्या सुऱ्या, विळी, कात्री, नेलकटर, सगळं गोळा करून तिनं स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. वडिलांची दाढी अर्धी झाली होती, ती तशीच राहिली आणि ते तसेच ड्यूटीवर गेले. मी पाय मुडपायचे नाहीत, खाजवायचं नाही, नख दातात धरायचं नाही. एक डास माझ्या नाकावर निवांत बसून जेवला.

मी एवढी भांडकुदळ बाई, पण त्या दिवशी हूं की चूं केलं नाही. आईसाठी. उद्या काही झालंच तर पुन्हा तिच्याकडे बोट नको. आई भिंतीला टेकून माझ्याकडेच बघत होती, तिचे ओठ हलत होते.

काही आठवड्यांनी उधन्याच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. नर्स तिला पुसत होती. कपाळावर कापूस चिकटलाय असं समजून तिनं एकदा पुसलं, मग चोळून पुसलं, आणि ओरडली, “अरे, आना तो वाळ ज धोळा छे!”

केसच पांढरे! मला टाके पडत होते तरी मी मोठ्यानं हसले. पोरीला पांढरी बट यावी असं कोणती आई मागते? मी मागितली होती, मनातल्या मनात. माझ्याकडून तिच्याकडे आली, रक्तातून, सरळ.

सगळे आत आले. वडील पोरीच्या कपाळावर वाकले आणि म्हणाले, “पक्का रंग आहे. धुतला तरी जायचा नाही.” मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बहिणीकडे मान वर करून पाहिलं.

मी फुईला म्हटलं, “आता बोल. मी हलले होते?”

फुईचा चेहरा उतरला. ती खाटेच्या कडेवर बसली, कमरेची चंची चाचपली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली की पहाऱ्यावर बसल्या बसल्या तिनं अडकित्त्यानं सुपारी कातरली होती. घरातली सगळी हत्यारं उचलली, एवढं एक कमरेलाच राहिलं. “मनाघाईच व्हयनं,” ती म्हणाली. माझ्यामुळंच झालं. आणि डोळ्यांना पदर लावला.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं, चांगलं धार लावलेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढं झाली. तिनं फुईचा हात धरला.

“नही अक्का,” ती म्हणाली, “तुमनाघाई काहीच व्हयनं नही.”

मग पोरीकडे बघत, जणू स्वतःलाच समजावत म्हणाली, “मनाघाईबी व्हयेल नव्हतं.”

आणि ती रडायला लागली. तेव्हा कुठं मला कळलं, की फुईइतकाच तिनंही तो निकाल खरा मानला होता.